आई-बाबा वेगळे होताना मुलांचं काय? नाशिकच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटगी, कस्टडी, म्युच्युअलला म्हणजे परस्परसंमतीच्या घटस्फोटाला किती महिने लागतील, हे सगळं वकील सांगतात. शनिवारी बाबांना भेटून आलेलं मूल रात्री का रडतं, हे विचारायला मात्र पालकांना जागा सापडत नाही. सिडको, सातपूर, नाशिकरोडपासून निफाड-दिंडोरीपर्यंतचे पालक मुलांच्या समुपदेशनात जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. माझं एक मत बहुतेक उत्तरांत डोकावेल, म्हणून आधीच सांगते. ‘आपलं घर मोडलं’ याचा अर्थ लावत मुलं बसत नाहीत. शाळेतून न्यायला कोण येणार, कंपासपेटी कुठल्या घरी राहिली, रात्री फोन येणार की नाही, यावर त्यांची झोप अवलंबून असते. या व्यवस्था धड लागल्या की मुलांचं मन सावरायला जागा मिळते. त्या लागल्या नाहीत, तर कितीही प्रेमाने बोललात तरी ते वाऱ्यावर जातं.

मुलांना कधी सांगायचं? आणि दोघांनी मिळूनच सांगायला हवं का?

दोघांपैकी एक जण घर सोडणार हे नक्की झालं आणि दिवस ठरला की सांगा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी पुरतं, कारण त्याला ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे काय ते कळत नाही. मोठ्या मुलाला दोन-तीन आठवडे तरी मिळायला हवेत. सकाळी शाळेच्या घाईत, झोपायच्या वेळी किंवा चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगू नका. शनिवारची शाळा सकाळची असेल तर दुपारी सांगा. पुढचा अख्खा रविवार त्याच्या प्रश्नांसाठी हाताशी राहतो.

दोघांनी मिळून सांगणं सगळ्यात बरं. पण पंधरा मिनिटं आवाज न चढवता एका खोलीत बसता येत नसेल, तर हट्ट धरू नका. वेगवेगळं सांगा, फक्त वाक्यं आधी ठरवून घ्या. आईकडून एक गोष्ट आणि बाबांकडून दुसरीच ऐकलेलं मूल महिनोन् महिने खरं कोण बोलतंय याचा तपास करत राहतं.

आणि सांगण्यासाठी बाहेर नेऊ नका. ‘मिसळ खायला जाऊ’ म्हणून नेऊन तिथे हे सांगणारे पालक पाहिले आहेत. हेतू चांगला असतो. पण चारचौघांत मुलाला रडता येत नाही, आणि ती जागा त्याच्यासाठी कायमची खराब होते.

नेमकं बोलायचं काय?

साधारण असं: ‘आई आणि बाबा यापुढे एका घरात राहणार नाहीत. हे आम्हा मोठ्यांचं ठरलंय. तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि तू काही केल्याने बदलणारही नाही. तू इथेच राहशील. शाळा तीच, रिक्षावाले काका तेच. बाबा पाथर्डी फाट्याजवळ राहायला जातील. शनिवारी शाळा सुटली की ते तुला न्यायला येतील आणि रविवारी संध्याकाळी आणून सोडतील.’

यात प्रेमावरचं भाषण नाही, हे लक्षात आलं असेल. ‘आमचं तुझ्यावर प्रेम आहेच’ हे जरूर म्हणा, पण मुलाचे कान टवकारतात ते रिक्षावाल्या काकांच्या वाक्याला. कारण विचारलं तर ‘आमचं पटत नाही, खूप भांडणं होतात, तू ऐकली आहेसच’ एवढं बास. कोणाचं बाहेर काय होतं, कोणाच्या घरच्यांनी काय केलं, हे त्याच्या कानावर घालू नका.

‘बाबा कामासाठी पुण्याला गेलेत’ ही थाप मारू नका. बिल्डिंगमधलं कुणीतरी आठ दिवसांत ती उघडी पाडतं.

मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला यातलं काय कळणार?

कारण कळत नाही, बदल मात्र सगळा कळतो. बाबांची चप्पल दारात नाही, आई स्वयंपाक करताना बोलत नाही, आजी फोनवर हळू आवाजात बोलते, हे सगळं तो टिपत असतो. या वयात मुलांना जग आपल्याभोवतीच फिरतंय असं वाटतं, त्यामुळे जे घडतं ते आपण केलं असा अर्थ ती लावतात. ‘मी दूध सांडलं म्हणून बाबा गेले’ हे त्याच्यासाठी अगदी पटण्यासारखं स्पष्टीकरण असतं. तो ते बोलून दाखवेलच असं नाही. म्हणून ‘तुझ्यामुळे नाही’ हे एकदा सांगून भागत नाही. अंघोळ घालताना, भात भरवताना, सहज, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सुटलेल्या सवयी परत येतात. अंथरूण ओलं करणं, अंगठा चोखणं, बोबडं बोलणं, आई बाथरूमला गेली तरी दारावर धडका मारणं. रागावू नका आणि ‘एवढा मोठा झालास तरी’ असं तर अजिबात म्हणू नका. चादर बदलायची आणि झोपायचं. बहुतेक मुलांचं हे काही आठवड्यांत ओसरतं.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती रडलीही नाही, उलट मलाच समजावते. म्हणजे तिने स्वीकारलं ना?

मला याच मुलींची जास्त काळजी वाटते.

आठ ते अकरा वयाची मुलं, त्यातही थोरली मुलगी असेल तर ती, घरातली जबाबदारी गुपचूप उचलतात. डबा स्वतः भरायचा, धाकट्याचा अभ्यास घ्यायचा, आई रडली की पाणी आणून द्यायचं. नातेवाईक ‘किती शहाणी आहे गं पोर’ म्हणून पाठ थोपटतात, आणि त्या कौतुकाने तिचा रडायचा रस्ताच बंद होतो. शहाण्या मुलीने रडून कसं चालेल?

दोन गोष्टी करा. एक, तुमचं मन मोकळं करायला मोठं माणूस शोधा. बहीण, मैत्रीण, समुपदेशक, कुणीही चालेल. तुमची मुलगी नको. दुसरं, तिला तिच्या वयाचं वागायची मुभा द्या. ‘आज डबा मी भरते, तू जा खेळायला’ हे वाक्य तिला पुष्कळ काही सांगतं. पहिल्यांदा ती चिडेल, कारण हातातलं काम काढून घेतलं की काळजीला हातपाय फुटतात. चिडू द्या.

रडायला लावू मात्र नका. ‘तुला वाईट वाटतंय ना, सांग ना’ म्हणून समोर बसवलं की मुलं गप्प होतात. गाडीवर मागे बसलेली असताना, भाजी निवडताना, चेहऱ्याकडे बघायची सक्ती नसताना ती बोलतात.

रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो. नाटक करतोय का?

दुखतं खरंच. आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. शरीराचं कारण नाही हे नक्की करूनच मनाकडे वळायचं. मग वेळ बघा. फक्त शाळेच्या दिवशी दुखतं का? भेटीच्या आदल्या रात्री? सोमवारी सकाळी? दोन आठवडे कॅलेंडरवर खूण करत गेलात की तुम्हालाच दिसेल. शाळा बुडवायची सवय मात्र लावू नका. घरातलं सगळं हललेलं असताना शाळा ही त्याची एकमेव न बदललेली जागा असते.

मोठा दहावीला आहे. बोर्ड होईपर्यंत थांबावं का?

दोघं शांतपणे एका छताखाली राहू शकत असाल तर जरूर थांबा. रोज रात्री भांडणं होत असतील तर थांबून त्याचा अभ्यास होतोय हा गैरसमज आहे. पुस्तक उघडं ठेवून तो भिंतीपलीकडचं ऐकत असतो.

किशोरवयीन मुलांचा राग लहानांपेक्षा वेगळा असतो. ती न्यायनिवाडा करतात, एक गुन्हेगार ठरवतात आणि त्याच्याशी बोलणं बंद करतात. क्लासच्या नावाखाली घराबाहेर राहणं वाढतं, मोबाइल वाढतो, दार लावून बसणं वाढतं. काही मुलं उलट ‘मला काही फरक पडत नाही’ म्हणतात. त्यावर वाद घालू नका. रात्री किती वाजेपर्यंत घरी यायचं, गाडी कोणाला द्यायची, पैसे किती, हे नियम मात्र दोन्ही घरांत सारखे ठेवा. आई नाही म्हणाली की बाबांकडून मिळवायचं, ही वाट सोळाव्या वर्षी फार लवकर सापडते, आणि अपराधी वाटणारा पालक नवीन फोन घेऊन देतो.

मुलांसाठी कसंबसं एकत्र राहणंच बरं नाही का? सगळे तेच म्हणतात.

सगळे म्हणतात, कारण सगळ्यांना त्या घरात राहायचं नसतं.

पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी १९९१ मध्ये तोवरच्या ९२ अभ्यासांचे, म्हणजे सुमारे १३ हजार मुलांचे, निष्कर्ष एकत्र तपासले. घटस्फोट झालेल्या घरांतली मुलं अभ्यास, वागणूक, मनःस्थिती यांत सरासरीने थोडी मागे दिसली, पण तो फरक लोकांना वाटतो तितका मोठा नव्हता. आणि आई-वडील एकत्र राहूनही सतत कडाक्याचं भांडतात अशा घरांतल्या मुलांची अवस्था घटस्फोटितांच्या मुलांपेक्षा वाईट आढळली. मेव्हिस हेदरिंग्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा कुटुंबांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. त्यांच्या अभ्यासात घटस्फोटितांच्या मुलांपैकी साधारण २० ते २५ टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या. इतर कुटुंबांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे धोका दुप्पट, हे खरं. आणि चारातली तीन मुलं सावरतात, हेही तितकंच खरं.

हे अभ्यास अमेरिकेतले, हे विसरू नका. आपल्याकडे आजी, मामा, आत्या, शेजार यांचा हात मोठा असतो. तो सावरतोही आणि ढकलतोही. त्यावर पुढे बोलू.

भांडण कमी असेल, नुसता कंटाळा किंवा दुरावा असेल, तर मात्र घाई करू नका. अशा घरातल्या मुलाला वेगळं होणं आभाळातून पडल्यासारखं वाटतं, कारण त्याला आधी काहीच दिसलेलं नसतं.

शनिवार-रविवार बाबांकडे राहून आली की दोन दिवस चिडचिड करते. भेटी बंद कराव्यात का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्यामुळे उत्तरही लांब आहे.

आईला वाटतं, तिकडे काहीतरी भरवलं गेलंय. बाबांना वाटतं, इथे तर छान होती, आईकडे जायचं म्हणून रडते. बऱ्याचदा दोघंही चुकीचे असतात. मूल एका घरातून दुसऱ्या घरात जातं तेव्हा प्रत्येक वेळी त्याला एका पालकाचा निरोप घ्यावा लागतो, दर आठवड्याला. मोठ्या माणसाला दर रविवारी संध्याकाळी असा निरोप घ्यावा लागला तर सोमवारी ऑफिसात त्याचा चेहरा कसा असेल?

म्हणून आधी अदलाबदलीची वेळ सुधारा. शक्य असेल तर शाळेला मध्ये घ्या. शनिवारी सकाळी आईने सोडायचं आणि सुटल्यावर बाबांनी न्यायचं. दोघांची गाठच पडत नाही, आणि मुलीला एकाकडे पाठ फिरवून दुसऱ्याकडे चालत जावं लागत नाही. शाळेला मात्र दोघांनी मिळून लेखी कळवा, नाहीतर गेटवर वेगळाच गोंधळ होतो. परत येताना सोसायटीच्या गेटवर बोलणी उरकू नका. पोटगीचा हप्ता, राहिलेली फी, वकिलाचा निरोप, यातलं काहीही त्या पाच मिनिटांत नको. ते व्हॉट्सॲपवर, मुलीच्या हाताला लागणार नाही अशा फोनवर.

घरी आल्यावर पहिला तास मोकळा सोडा. ‘काय खाल्लं, कोण आलं होतं, आजी काय म्हणाली’ ही चौकशी सुरू झाली की मुलीला कळतं, इथे तपासणी आहे. मग ती दोन भाषा शिकते. तिकडे ‘आईकडे कंटाळा येतो’ आणि इकडे ‘बाबांकडे कंटाळा येतो’. खोटारडेपणा म्हणून तिला धारेवर धरू नका. दोघांनाही खूश ठेवायची तिची ती धडपड आहे.

सामानाचं सांगते, कारण यावरून मी मुलांना जितकं रडताना पाहिलंय तितकं कोर्टाच्या निकालावरून पाहिलेलं नाही. चित्रकलेची वही तिकडे राहते, सोमवारी बाई उभं करतात. स्वेटर इकडे राहतो. टूथब्रश, चप्पल, रात्रीचे कपडे, एक चादर, वह्या-पेनांचा एक जादा संच दोन्ही घरांत कायमचा ठेवा. पिशवी घेऊन फिरणाऱ्या मुलाला दोन्हीकडे पाहुण्यासारखं वाटतं. भेटीचा दिवस पाळणं हे तर सगळ्याच्या वर. अंबड-सातपूरला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या वडिलांची सुट्टी रविवारीच येते असं नाही. शेतकरी बाबांना ऑक्टोबर छाटणीत आणि द्राक्षांच्या तोडणीत खरंच वेळ नसतो. मग दर शनिवारचं वचन कशाला द्यायचं? महिन्यातून दोनच दिवस ठरवा, पण कॅलेंडरवर लिहून मुलीच्या खोलीत लावा आणि ते चुकवू नका. गॅलरीत तयार होऊन बसलेल्या मुलाला ‘आज जमत नाही’ असा फोन येतो, तेव्हा त्याला समजावण्याची पाळी दुसऱ्या पालकावर येते.

इतकं करूनही मूल घाबरलेलं येत असेल, अंगावर खुणा असतील, कुणाचं नाव निघालं की आक्रसत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. लगेच मदत घ्या.

मुलगा स्वतःच म्हणतो, मला बाबांकडे जायचं नाही. जबरदस्ती करू?

कारण शोधा. सहा-सातवीतल्या मुलाचं कारण अनेकदा साधं असतं: त्याच दिवशी क्रिकेट असतं, तिकडे मित्र नाहीत, बाबा दिवसभर मोबाइलवर असतात. हे बाबांना सरळ सांगता येतं. कधी कारण असं असतं की आपण गेलो तर आई एकटी रडत बसेल. ते मूल बाबांना टाळत नसतं, आईची राखण करत असतं. त्याला निघताना सांगा, ‘मी उद्या मावशीकडे जाणार आहे, माझं छान चाललंय.’ आणि खरंच जा.

कोर्टात मुलाला उभं करतात का? ‘कोण हवं’ असं विचारतात?

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मुलाला उभं करून ‘आई की बाबा’ असं विचारत नाहीत. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, आणि न्यायाधीश गरज वाटल्यास मुलाशी आपल्या दालनात वेगळं बोलतात. पालक व पाल्य कायदा, १८९० प्रमाणे मूल समंजस मत देण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ते मत विचारात घेऊ शकतं. पण निर्णय मुलाच्या हिताचा, मुलाच्या पसंतीचाच असेल असं नाही. हिंदूंना लागू असलेल्या १९५६ च्या अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनपण) व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा असं म्हटलं आहे.

मुलाला पढवू नका. पाठ केलेलं उत्तर समुपदेशकाला ओळखू येतं. तो भाग सोडा, पण दहा वर्षांच्या मुलाला आपल्या तोंडून एका पालकाविरुद्ध निघालेलं वाक्य पुढे वर्षानुवर्षं टोचतं. कोर्टाच्या दिवशी त्याला इतकंच सांगा: ‘तिथल्या बाई किंवा सर तुझ्याशी बोलतील. तुला वाटेल ते सांग. ठरवायचं काम त्यांचं आहे, तुझं नाही.’

स्त्रियांना आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असलं तरी. हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

आम्ही माहेरी राहायला आलो. आजोळच आहे, तरी मुलं रुळत का नाहीत?

आजोळ म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीतलं घर. तिथे आंबे असतात, लाड असतात, मामा गाडीवर फिरवतो. तेच घर रोजचं झालं की तिथे मामीचं वेळापत्रक येतं, मामेभावाचं कपाट येतं, टीव्हीवरून वाद येतात. ‘आता किती दिवस आहात?’ हा शेजारच्या काकूंचा साधा प्रश्न मुलाला झोंबतो.

मुलाला त्या घरात स्वतःची एक जागा लागते. खोली नसेल तर कपाटाचा एक कप्पा, त्याचाच, दुसऱ्याने न उघडायचा. मामा-मामींशी खर्चाचं आणि कामाचं मोठ्यांनी आधीच बोलून घ्यावं. नाहीतर ते बोलणं मुलांच्या ताटावरून होतं.

आजी-आजोबांना एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती तुम्हालाच सांगावी लागेल. ‘अगदी बापावर गेलाय’ हे वाक्य त्या घरात बंद. बाप वाईट हे दिवसभर ऐकलेल्या मुलाला त्या वाक्याचा अर्थ बरोबर लागतो. तसंच वडिलांकडच्या आजीने ‘तुझी आई तुला टाकून गेली’ म्हणणंही बंद. नाती तोडायची गरज नाही. आत्या, काका, आजी हे मुलाचे राहतातच, तुमचं लग्न संपलं तरी.

शाळेत सांगायचं का?

वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना, थोडक्यात, दोघांनी सही करून. न्यायला कोण येणार, आजारी पडल्यास फोन कोणाला, निकालपत्र दोघांना मिळावं. कारण सांगायची गरज नाही.

नावाचा प्रश्न मुलांना छळतो. मुलाच्या नावामागे वडिलांचं नाव आणि आडनाव, आईने मात्र माहेरचं आडनाव परत घेतलेलं. मग वर्गात कुणीतरी विचारतं, तुझ्या आईचं आडनाव वेगळं का? एक छोटं उत्तर घरी तयार करून द्या: ‘आमच्याकडे असंच आहे.’ पाचवीतल्या मुलांना ते पुरतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नावही लिहिलं जातं. ही पिढी शाळेत जाईल तेव्हा हा प्रश्न जरा सौम्य झालेला असेल.

सणांचं कसं करायचं?

दिवाळीची भांडणं दिवाळीत सोडवू नका, गणपतीतच लिहून ठरवा. पहिली आंघोळ एकीकडे आणि भाऊबीज दुसरीकडे, पुढच्या वर्षी उलट, अशी वाटणी बहुतेकांना जमते. भाऊबीज आणि राखीला सख्खी भावंडं एकत्र असलीच पाहिजेत; भावंडांना दोन घरांत वाटायच्या मी तशीही विरोधात आहे. अशा वेळी मुलांना सगळ्यात मोठा आधार एकमेकांचा असतो.

रंगपंचमी नाशिकमध्ये मुलांच्या दृष्टीने दिवाळीइतकीच मोठी, आणि कोर्टाच्या कागदात ती हमखास राहून जाते. मित्र जिथे असतील तिथे मुलाला रंग खेळू द्या. वाढदिवस दोनदा झाला तर कुठलंही मूल तक्रार करत नाही.

बाबा मुंबईला असतात. फोनवर बोलायलाच तयार नाही मुलगी.

पाच वर्षांच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर ‘काय केलंस आज?’ विचारलं की ती पळतेच. बोलण्यापेक्षा काहीतरी करा. गोष्टीचं एकच पुस्तक दोन्हीकडे ठेवून बाबांनी वाचायचं, तिने चित्रं बघायची. एकत्र चित्र काढा. दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी. पंचवटी एक्सप्रेसने येणाऱ्या बाबांना स्टेशनवर घ्यायला जाणं ही मुलांना फार आवडणारी गोष्ट आहे. कुणीतरी मामा-काका सोबत नेऊ शकत असतील तर जरूर न्या.

वडील विचारतच नाहीत. मुलाला काय सांगू?

खरं, पण विष न कालवता: ‘ते का येत नाहीत हे मला माहीत नाही. तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही, हे मात्र मला नक्की माहीत आहे.’ त्यांच्या वतीने भेटवस्तू आणून ‘बाबांनी पाठवली’ म्हणू नका. कधीतरी कळतंच. मामा, आजोबा, क्रिकेटचे सर, असं एखादं नियमित भेटणारं पुरुष माणूस आयुष्यात असलं की बराच फरक पडतो.

घरात मारहाण होती. हे सगळे सल्ले आम्हालाही लागू आहेत का?

नाहीत. दोघांनी मिळून सांगणं, गेटवर भेटणं, ‘बाबांबद्दल चांगलंच बोला’, यातलं काहीही आधी नाही. आधी सुरक्षितता. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली न्यायदंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेट मुलांना घातक वाटली तर ती नाकारूही शकतात. मारहाण बघितलेलं मूल मारणाऱ्या वडिलांची आठवणही काढतं. त्याने आईचा जीव तुटतो, पण त्या आठवणीबद्दल मुलाला अपराधी वाटू देऊ नका. दोन्ही भावना एका मुलात एकाच वेळी असतात.

सावरायला किती दिवस लागतात?

कायद्याचं घड्याळ वेगळं. परस्परसंमतीच्या अर्जात सहा महिने थांबायची तरतूद आहे, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य प्रकरणांत माफ करता येते असं म्हटलं. मुलांची दोनेक वर्षं धरा. पहिलं वर्ष सगळ्यात खडतर, कारण त्यात प्रत्येक सण, प्रत्येक सुट्टी ‘पहिल्यांदा’ येते.

तज्ज्ञाकडे कधी न्यावं, आणि कुठे?

झोप, भूक किंवा अभ्यास महिनाभर बिघडलेलाच राहिला, मित्र तुटले, स्वतःला इजा केली किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोललं, तर थांबू नका. शेवटच्या दोन गोष्टींत तर त्याच दिवशी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८. ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतेय’ असं सासर-माहेरचं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

मला दुसरं लग्न करायचं आहे.

करा. मुलाला लग्नपत्रिकेतून कळू देऊ नका. नवीन माणसाची ओळख सावकाश, सुरुवातीला तासाभराची, एखाद्या बागेत. ‘यांना बाबा म्हण’ हा हुकूम सोडू नका, काका चालतं. आणि मूल थंडपणे वागलं तर ते त्या माणसाविरुद्ध नसतं. आई-बाबा परत एकत्र येतील ही आशा बहुतेक मुलं मनात धरून असतात, आणि ती या लग्नाने संपते.

मुलगी मोठी झालीय. घटस्फोटाची फाईल वाचायची म्हणते. द्यावी का?

सोळाव्या वर्षी नाही. अर्जातली भाषा वकिलांची असते. ‘क्रूरता’ सिद्ध करायला त्यात वर्षांचं सगळं उणंदुणं मांडलेलं असतं, आणि ते वाचणाऱ्या मुलीला तो तिच्या बालपणाचा इतिहास वाटतो. तिने काय विचारायचंय ते विचारू द्या, तुमच्या शब्दांत उत्तर द्या, आणि हवं तर दुसऱ्या पालकालाही विचारायला सांगा. सज्ञान झाल्यावर मागितली तर नाही म्हणता येणार नाही; तेव्हा देताना शेजारी बसा. तोपर्यंत ती फाईल रेशनकार्ड आणि मार्कशीटच्या कप्प्यात ठेवू नका. अकरावीच्या प्रवेशाला कागद शोधताना मुलांच्या हाती ती तिथेच लागते.